ग्रेट वॉल आणि तळेगावचा कारखाना

लोंढ्याहून कॅसलरॉकमार्गे मुरगावकडे जाणाऱ्या लोहमार्गाचा इतिहास ज्यांस ठाऊक आहे, त्यांना सरहद्द म्हणजे काय हे निराळे सांगावयास नको. 1888 पासून चालत आलेली ही वाट 1955 मध्ये भारत व पोर्तुगाल यांच्यातील वितुष्टामुळे बंद पडली, आणि डिसेंबर 1961 मध्ये गोवा मुक्त झाल्यावरच पुन्हा मोकळी झाली. रूळ जागच्या जागीच होते. अडली होती ती वाहतूक. राज्यकर्त्यांचे बिनसले की व्यापाराची वाट कशी खुंटते, याचा असाच प्रत्यय अलीकडे महाराष्ट्रात, पुण्याजवळील तळेगावी आला. एका चिनी मोटार कंपनीची ती हकीकत वाचकांपुढे ठेवावी, असे आम्हांस वाटते.

ही कंपनी म्हणजे ग्रेट वॉल मोटर्स. चीनच्या हेबेई प्रांतातील बाओडिंग या नगरात 1984 मध्ये तिचा जन्म झाला. आरंभी मालमोटारींच्या बांधणीत फेरफार करून देणारा तो एक लहानसा कारखाना होता. 1990 मध्ये वेई जियानजुन या सव्वीस वर्षांच्या तरुणाने त्याची सूत्रे हाती घेतली, तेव्हा कारखाना कर्जात बुडालेला होता. वेई यांनी 1996 मध्ये ‘डिअर’ नावाचा पिकअप, म्हणजे पुढे माणसे व मागे माल वाहणारा छोटा टेम्पो, बाजारात आणला. शेतकरी व छोटे व्यापारी यांच्या उपयोगाचे हे वाहन चांगलेच खपले आणि कंपनीचा पाया भक्कम झाला. बड्या कंपन्यांशी मोटारींच्या बाजारात टक्कर घेण्यापेक्षा ज्या वाहनाकडे इतरांचे फारसे लक्ष नव्हते ते हाती घ्यावे, हे शहाणपण त्यामागे होते.

2003 मध्ये कंपनीचे भाग हाँगकाँगच्या शेअरबाजारात आले. पुढे तिने उंच बांधणीच्या एसयूव्ही गाड्यांवर भर दिला. 2011 मध्ये आलेली ‘हवाल एच 6’ ही गाडी चीनमध्ये अनेक वर्षे अशा गाड्यांत सर्वांत खपाची ठरली. 2018 मध्ये विजेवर चालणाऱ्या गाड्यांसाठी ‘ओरा’ ही निराळी नाममुद्रा निघाली. एवढे बळ अंगी आल्यावर तिने परदेशांकडे मोर्चा वळविला, हे क्रमप्राप्तच होते.

त्याच सुमारास अमेरिकेची जनरल मोटर्स आशियातील आपला पसारा आवरीत होती. तळेगावचा तिचा कारखाना 2008 मध्ये सुरू झाला होता. तेथे शेव्हरोले बीट यांसारख्या गाड्या बनत. 2017 अखेर कंपनीने भारतातील विक्री थांबविली व कारखाना केवळ निर्यातीवर चालू ठेवला. जानेवारी 2020 मध्ये तो विकत घेण्याचा करार ग्रेट वॉलने केला, आणि पुढच्याच महिन्यात दिल्लीजवळच्या वाहन प्रदर्शनात तिच्या गाड्या भारतीयांनी पाहिल्या.

परंतु 17 एप्रिल 2020 रोजी केंद्र सरकारने नियम केला, की भारताच्या भूसीमेला लागून असलेल्या देशांतील गुंतवणुकीस सरकारची पूर्वसंमती हवी. 15 जूनला महाराष्ट्र शासनाशी कंपनीचा 3,770 कोटी रुपयांच्या गुंतवणुकीचा सामंजस्य करार जाहीर झाला, आणि त्याच रात्री लडाखमधील गलवान खोऱ्यात चिनी सैन्याशी झालेल्या झटापटीत वीस भारतीय जवानांना वीरमरण आले. त्यानंतर राज्य शासनाने चिनी कंपन्यांशी झालेले करार स्थगित ठेवले. केंद्राची संमती मिळाली नाही, आणि 30 जून 2022 रोजी कारखान्याच्या खरेदीचा करारही मुदत संपून रद्द झाला.

जनरल मोटर्सचा थायलंडमधील रायोंगचा कारखाना ग्रेट वॉलने त्याच 2020 सालात ताब्यात घेतला, आणि 2021 मध्ये तेथून तिच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. विकणारा तोच, घेणारा तोच. फरक पडला तो सीमेचा. जवानांचे रक्त सांडले असता व्यापार पूर्वीसारखाच चालावा, असे कोणताही स्वाभिमानी देश म्हणणार नाही. तथापि त्या निर्णयाचा भार कोणावर पडला, हेही विसरता कामा नये. तळेगावचे उत्पादन डिसेंबर 2020 मध्ये थांबले. 2021 मध्ये हजाराहून अधिक कामगारांना कमी करण्यात आले आणि त्यांच्या संघटनेस न्यायालयात दाद मागावी लागली. 2023 मध्ये ह्युंदाई या कोरियन कंपनीने कारखाना घेण्याचा करार केला व 2025 मध्ये तेथे पुन्हा गाड्या बनू लागल्या. परंतु मधली वर्षे त्या कुटुंबांना कोण परत देणार?

देशाने सरहद्द राखावी, हे योग्यच होय. मात्र ती राखताना ज्यांच्या पोटास चिमटा बसतो, त्यांची काळजी वाहणे हेही देशाचेच कर्तव्य आहे, असे आम्हांस वाटते.