व्हँटेज पॉइंट

अमेरिकन राजकीय थरारपट (२००८). दिग्दर्शन पीट ट्रॅव्हिस, पटकथा बॅरी लेव्ही. डेनिस क्वेड, मॅथ्यू फॉक्स, फॉरेस्ट व्हिटेकर, विल्यम हर्ट, सिगर्नी वीव्हर व एद्गार रामिरेझ यांच्या प्रमुख भूमिका. लांबी सुमारे दीड तास.

कथानक स्पेनमधील सालामांका शहरात घडते. दहशतवादविरोधी परिषदेसाठी आलेले अमेरिकेचे अध्यक्ष अ‍ॅश्टन प्लाझा मायोर या चौकातील व्यासपीठावर उभे राहताच त्यांच्यावर गोळ्या झाडल्या जातात. मग चौकाबाहेर एक स्फोट होतो आणि त्यामागून थेट व्यासपीठापाशी दुसरा. एवढे दाखवून झाले की काळ उलटा फिरतो, दुपारचे बारा वाजतात आणि तीच घटना दुसऱ्या कोणाच्या तरी बाजूने सुरू होते. वृत्तवाहिनीची निर्माती रेक्स ब्रुक्स, अंगरक्षक बार्न्स, स्थानिक पोलीस एन्रिके, हौशी चित्रण करणारा पर्यटक हॉवर्ड लुईस, स्वतः अध्यक्ष आणि शेवटी कट रचणारे, असा हा क्रम आहे.

या रचनेमुळे अकिरा कुरोसावाच्या ‘राशोमोन’ (१९५०) या जपानी चित्रपटाची आठवण काढली जाते. दोन्हींची जात मात्र वेगळी आहे. ‘राशोमोन’मधील साक्षी एकमेकींना खोटे पाडतात आणि खरे काय घडले हे अखेरपर्यंत ठरत नाही. इथे कोणाचीही नजर खोटे दाखवत नाही; ती अपुरी असते, इतकेच. प्रत्येक फेरीत आधीच्या चित्राचा एखादा कोपरा भरून निघतो. गोळी लागली ती अध्यक्षांच्या तोतयाला, हे अध्यक्षांच्या भागात कळते. खिडकीतील बंदूक दुरून फोनच्या साहाय्याने चालवली गेली, हे कटवाल्यांच्या भागात उघड होते. सत्य एकच आहे आणि ते जुळवता येते, या विश्वासावर चित्रपट उभा आहे. म्हणून त्याला तत्त्वचिंतनापेक्षा तपासकथेच्या रांगेत बसवणे योग्य.

सर्वांत सरस भाग पहिला. वाहिनीच्या नियंत्रण कक्षात भिंतभर पडदे आहेत, कोणते दृश्य जगाला दाखवायचे हे रेक्स क्षणाक्षणाला ठरवते, आणि वीव्हर तिची हुकमत आवाज फारसा न चढवता उभी करते. हल्ल्यानंतर बार्न्स याच कक्षात येऊन चित्रण पाहतो. वर्षभरापूर्वी अध्यक्षांसाठी गोळी झेललेला हा माणूस नुकताच कामावर परतला आहे. सहकाऱ्यांना त्याची पुरती खात्री नाही. पडद्यावर काहीतरी पाहून तो हादरतो आणि धावत सुटतो, पण त्याने काय पाहिले हे प्रेक्षकापासून लपवले जाते. आपला जोडीदार टेलर फितूर असल्याचे त्याला तिथेच समजले होते, हे फार उशिरा कळते. आतापर्यंत माहिती अपुरी होती ती पात्राच्या जागेमुळे. इथे ती दिग्दर्शक अडवून धरतो. पद्धतीशी केलेली ही तडजोड खटकते. पुढे सगळे धागे मोटारींच्या पाठलागात मिसळतात आणि दृष्टिकोनांचा खेळ संपतो. राजकीयदृष्ट्या बोचरी गोष्ट शेवटच्या बातमीपत्रात आहे: हल्ला एकट्या मारेकऱ्याने केला आणि तो मारला गेला, असे जगाला सांगितले जाते.

अल्बेर्तो चुरिगेरा याने आखलेला, अठराव्या शतकातील बरोक शैलीचा प्लाझा मायोर चौक चित्रीकरणासाठी मेक्सिकोत मोठ्या प्रमाणात उभारण्यात आला. सुमारे ४ कोटी डॉलर खर्चाच्या या चित्रपटाने जगभरात सुमारे १५ कोटी डॉलर मिळवले. समीक्षकांनी मात्र पुनरावृत्तीवर बोट ठेवले.

ट्रॅव्हिसने याआधी ‘ओमा’ (२००४) हा चित्रपट केला होता. उत्तर आयर्लंडमधील १९९८ च्या बॉम्बस्फोटात माणसे गमावलेली कुटुंबे न्यायासाठी कशी झगडली, हे त्यात आहे. याउलट, सालामांकाच्या चौकात मेलेल्यांपैकी एकाही सामान्य माणसाच्या घरापर्यंत ‘व्हँटेज पॉइंट’ जात नाही. पहिल्याच भागात स्फोटात मरणाऱ्या वार्ताहर अँजी जोन्सलाही (झोई सालडाना) स्वतःची फेरी मिळत नाही.