नखांचा वाद आणि गाळलेली जागा

नख ठेवावे की ठेवू नये, हा गिटारवादनाच्या इतिहासातला जुना वाद. १८३० साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या शिक्षणग्रंथात फर्नांदो सोर याने नखांविरुद्ध कौल दिला. नखांनी वाजवणारा सुसह्य वादक त्याच्या ऐकण्यात नव्हता. अपवाद एकच, त्याचा मित्र दिओनिसिओ आग्वादो. या दोघांनी मिळून वाजवावी म्हणून सोरने 'दोन मित्र' नावाची रचनाही केली. एकाची बोटे बिननखी, दुसऱ्याची नखांची, हे ठाऊक असले की त्या शीर्षकातली गंमत वाढते. पुढे तार्रेगाने उतारवयात नखे कापली, त्याचा शिष्य एमिलिओ पुजोल याने बिननखी नादाची तात्त्विक बाजू मांडली, आणि सेगोव्हियाने नख व मांस यांचा मेळ घालून वाद जवळजवळ मिटवला.

हा इतिहास आम्ही अनेकदा वाचला आहे. त्यात आंदालुसियाचा फ्लामेंको वादक कुठेच भेटत नाही.

याचे कारण आमच्या मते असे, की वरचा वाद नादाच्या गोडीचा होता आणि फ्लामेंकोत नखाचे कामच निराळे. रास्गेआदो या प्रकारात मिटलेली बोटे एकामागून एक बाहेर फेकली जातात आणि तारांवर नखाची पाठ आदळते. तेथे मांसाचा प्रश्नच उद्भवत नाही. आल्सापुआमध्ये अंगठ्याचे नख तारांवरून खाली जाते, तसेच वरही येते. गोल्पेत तर अनामिकेचे नख थेट गिटारच्या लाकडावर ठोका देते. लाकूड झिजू नये म्हणून तेथे पातळ पट्टी चिकटवलेली असते. म्हणजे नख एकाच वेळी नखी आणि टिपरी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या गायन-कॅफेंत ध्वनिवर्धक नव्हते आणि समोर नर्तकीच्या टाचा वाजत असत. तेथे नखे कापण्याची चैन कोणाला परवडणार?

या कामातून निगेचे नियम आले. उजव्या हाताची नखे बोटाच्या टोकापुढे मिलिमीटर-दोन मिलिमीटर. अंगठ्याचे थोडे अधिक. याहून लांब ठेवली तर पिकादोच्या जलद तानांत ती तारेत अडकतात. कानशीने आकार द्यायचा, मग अगदी बारीक पॉलिशकागदाने कड गुळगुळीत करायची, कारण खरबरीत कड तारेवर खरखरते. डाव्या हाताची नखे मात्र पार कापलेली. १९५८ साली झटपट चिकटणारा सायनोअॅक्रिलेट गोंद बाजारात आला. पुढे कित्येक फ्लामेंको वादक रास्गेआदोत नख तुटू नये म्हणून त्याचाच थर नखांवर चढवू लागले. (नखांना ते हितकारक नाही, हे वेगळे.)

यातले फारसे काही ग्रंथांत आले नाही, कारण ही विद्या हात पाहून शिकायची होती. राफाएल मारीनचा फ्लामेंको गिटारवरचा आद्य शिक्षणग्रंथ माद्रिदमध्ये निघाला तो १९०२ साली, सोरनंतर ७२ वर्षांनी. ज्यांनी वाद लिहून ठेवला, त्यांचाच तो इतिहास झाला. मौखिक परंपरांच्या अभ्यासकांना हे नवे नाही. पण येथे गाळले गेले ते काव्य नव्हे, बोटाचे टोक आहे.

दोन्ही हात एकमेकांना अगदीच अनोळखी राहिले असेही नाही. रामोन मोन्तोयाने (१८७९–१९४९) मैफलीच्या गिटारकडून ट्रेमोलो घेतला. तिकडे अंगठ्यासह चार स्वरांचा, फ्लामेंकोत तो पाच स्वरांचा झाला. १९३६ साली मोन्तोयाच्या एकल वादनाच्या तबकड्या निघाल्या, त्याही पॅरिसमध्येच. त्या ऐकताना नखाचा टणक स्पर्श स्वच्छ कळतो. सोरने त्यालाही आग्वादोसारखे अपवादात बसवले असते का, असा प्रश्न आम्हांस दर वेळी पडतो.