ग्रंथालयाचा इतिहास फक्त कपाटात नसतो

ग्रंथालयावर संशोधन करायचं म्हटलं की आपण आधी पुस्तकं मोजायला लागतो. जरा थांबा. आधी पैसा कुठून आला ते बघा.

ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चं. दोन्ही सरकारने नव्हे, लोकांनी काढली. मद्रासच्या १९४८ च्या कायद्यात ग्रंथालय कर आहे. महाराष्ट्राच्या १९६७ च्या कायद्यात तो नाही. इथे संस्थांच्या ग्रंथालयांना मान्यता मिळते आणि ‘अ’ ते ‘ड’ वर्गानुसार अनुदान. बाकी भार वर्गणी नि देणग्यांवर.

म्हणूनच व्याख्यानमाला, बालविभाग, अभ्यासिका यांना ‘जादा सेवा’ समजू नका. सभासद टिकवायचे तर ग्रंथालयाला लोकांत राहावंच लागतं.

आता साधनं: वार्षिक अहवाल, सभांची इतिवृत्तं, निमंत्रणपत्रिका. प्रत्येक कागदाला तीन प्रश्न विचारा. खर्च कुणी केला? वेळ कुणाच्या सोयीची होती? आणि कोण आलं नाही? ‘सर्वांना प्रवेश खुला’ असं छापलं म्हणजे सगळे आले, असं होत नाही.

पुस्तकाची नोंद दाखल-वहीत राहते. निमंत्रणपत्रिका रद्दीत जाते. तेव्हा तुमच्या गावच्या ग्रंथपालांना आधी त्याच कागदांबद्दल विचारा.