गिझरचे दुखणे आणि एस्प्लनेडचे पाणी

कोलकात्याची थंडी म्हणजे चार दिवसांची पाहुणी. डिसेंबरात येते आणि सरस्वती पूजा आटोपली की निघते. पण तेवढ्या दिवसांत आपल्या मंडळींचे फोन मला हमखास येतात. 'गिझर चालू आहे, पण पाणी कोमटच', 'गरम पाण्याला कसलासा वास येतो', 'दोन वर्षांत दुसरे एलिमेंट जळाले'. माझी नोकरी यंत्रांची, म्हणून ही विचारणा. फोन करणाऱ्या बहुतेकांचे घर शहराच्या कडेला आणि पाणी विहिरीचे, म्हणजे इकडच्या भाषेत 'बोअरिंग'चे. मीही त्यांतलाच. माझे ऑफिस मात्र बरीच वर्षे एस्प्लनेडला होते. दुपारच्या सुट्टीत त्या परिसरात फिरता फिरता एक गोष्ट ध्यानात आली. आपल्या गिझरच्या तक्रारी समजून घ्यायच्या तर या शहराच्या पाण्याचा इतिहास पाहावा लागतो, आणि तो बराचसा एस्प्लनेडच्या आसपासच सापडतो.

एस्प्लनेड म्हणजे किल्ल्यापुढचे मोकळे मैदान. १७५७ च्या पलाशीच्या लढाईनंतर इंग्रजांनी नवा फोर्ट विल्यम बांधायला घेतला आणि तोफांच्या माऱ्यासाठी भोवतालचे जंगल तोडून जागा मोकळी केली. त्याआधी, १७४२ साली, आपल्या भोसल्यांच्या फौजेच्या धास्तीने शहराभोवती 'मराठा खंदक' खणला गेला होता. बहुतेक मराठी माणसांना कलकत्त्याचे खोदकाम म्हटले की तेवढेच आठवते! पण पाण्यासाठी झालेले खोदकाम त्याहून महत्त्वाचे.

त्या काळी पिण्याचे पाणी तळ्यांचे. लालदिघी त्यांत प्रमुख. चौरंगीच्या कडेला मैदानात आजही दिसणारे मनोहर दास तडाग हे बनारसच्या एका सावकाराने अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधले. १८२० साली चांदपाल घाटावर एक छोटा पंप बसला आणि उघड्या पाटांतून हुगळीचे पाणी धर्मतल्ला, चौरंगीकडे वाहू लागले. हे पाणी पावसाळ्यात गढूळ, उन्हाळ्यात खारट. म्हणून सरकारने जमिनीखाली शोध घ्यायचे ठरवले. डिसेंबर १८३५ मध्ये फोर्ट विल्यममध्ये बोअर घ्यायला सुरुवात झाली. आपोआप वर उसळणारे गोडे पाणी लागेल, ही आशा. कुजलेल्या लाकडाचे काळे थर लागले, चिकणमाती लागली, वाळू लागली, साडेतीनशे फुटांच्या आसपास कासवाच्या कवचाचे तुकडेही निघाले. एप्रिल १८४० मध्ये ४८१ फुटांवर काम थांबले. हवे तसे पाणी काही लागले नाही.

मुंबईच्या एस्प्लनेडची कथा याच्या अगदी उलट. चर्चगेटजवळ, क्रॉस मैदानाच्या कोपऱ्यावर भिखा बेहराम विहीर आहे. १७२५ साली एका पारशी गृहस्थाने ती खणली आणि समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही तिचे पाणी गोडे लागले. नाव एकच, पण तिथली जमीन वेगळी, इथली वेगळी.

शेवटी कलकत्त्याने विहिरीचा नाद सोडून नदीच शुद्ध करून घेतली. उत्तरेला पलता येथे वाळूतून गाळलेले पाणी १८७० पासून शहरात येऊ लागले. रोजची क्षमता ६० लाख गॅलन. १९११ साली टालाची ११० फूट उंचीवरची ९० लाख गॅलनची पोलादी टाकी तयार झाली. जुन्या शहरातल्या 'टाइम कल'ला ठरल्या वेळी येते ते हे नदीचे पाणी. पण शहर वाढत गेले, नळ सगळीकडे पुरला नाही, आणि कडेच्या वस्त्यांनी पुन्हा जमिनीत पाइप घातला. विजेच्या पंपामुळे पाणी आता आपोआप उसळण्याची गरज उरली नाही. १८४० साली ज्या खोलीवर काम थांबले, साधारण तेवढ्याच खोलीतल्या वाळूतून आज अनेक बोअरिंगा पाणी ओढतात.

वर चिकणमातीचे जाड झाकण आणि खाली पाण्याने भरलेली वाळू, अशी ही रचना. तिची चुणूक २०१९ च्या ऑगस्टअखेरीस साऱ्या शहराला मिळाली. एस्प्लनेडहून सियालदहकडे मेट्रोचे भुयार खणणाऱ्या यंत्राने बऊबाजारात पाण्याचा थर फोडला आणि वरची जुनी घरे खचली. तो मार्ग सुरू व्हायला ऑगस्ट २०२५ उजाडले.

आता गिझरकडे वळू. या वाळूत मुरून राहिलेल्या पाण्यात चुना आणि लोह विरघळलेले असते. थंड असताना ते दिसत नाही. तापवले की चुना वेगळा होऊन एलिमेंटवर बसतो. आपल्याकडे दख्खनच्या विहिरींचे पाणीही जड, पण पुण्याच्या तांबट आळीतल्या बंबाचे झाकण उघडले की आतला पांढरा थर दिसे आणि घरातले कोणीतरी चिंच लावून घासायला बसे. गिझर बंद पेटी. आत काय साचले, ते एलिमेंट जळेपर्यंत कळत नाही. आमच्या घरी कारागिराने एकदा टाकी उघडली, तेव्हा तळातून अर्धी बादली चुन्याच्या खपल्या निघाल्या. नुसते एलिमेंट बदलून ते दुखणे कधीच बरे झाले नसते.

म्हणून माझे सांगणे असे, की आधी पाणी तपासा, मग यंत्राला दोष द्या. काही खुणा देतो.

गिझर तापताना तडतड, खदखद असा आवाज येतो आणि पाणी तापायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागतो? एलिमेंटवर थर चढला आहे. वर्षातून एकदा टाकी रिकामी करून साफ करून घ्यावी आणि तापमान ६० अंशांच्या वर ठेवू नये; त्यापुढे थर झपाट्याने धरतो.

गार नळाला जोर आहे आणि गरम नळाला नाही? गरम पाण्याची नळी किंवा शॉवरची भोके चुन्याने बुजली आहेत. दोन्ही नळ मंद असतील, तर गच्चीवरची टाकी आणि पंप पाहावा.

सडक्या अंड्यासारखा वास फक्त गरम पाण्याला येतो? टाकी गंजू नये म्हणून आत मॅग्नेशियमची एक कांडी असते. तिची आणि पाण्यातल्या जिवाणूंची मिळून ही करामत असते. कांडी तपासून घ्यावी. वास गार पाण्यालाही असेल, तर तो विहिरीतूनच येतो आहे.

पाणी लालसर दिसते? गार नळाची एक बादली रात्रभर झाकून ठेवावी. काढताना स्वच्छ आणि सकाळी तांबूस झाले, तर विहिरीच्या पाण्यात लोह आहे. गार पाणी स्वच्छ आणि गरम मात्र लाल, तर टाकी गंजते आहे. कोणतेही झाकण उघडण्याआधी मेन स्विच बंद करावा आणि वीजतंत्र्यालाच बोलवावे. एलिमेंट, थर्मोस्टॅट चांदणी चौक बाजारात सहज मिळतात, पण घरगुती प्रयोग नकोत.

आणखी एक सोपी गोष्ट. जमिनीखालचे पाणी हिवाळ्यातही वरच्या हवेइतके गार होत नाही. गच्चीवर रात्रभर साठवलेले पाणी मात्र गारठते. पंप रात्री न चालवता पहाटे चालवला, तर गिझरचे थोडे काम जमीनच करून देते.

शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. एस्प्लनेडहून चित्तरंजन अॅव्हेन्यूने थोडे पुढे गेले की स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिन लागते. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीस तिथले त्वचारोगतज्ज्ञ डॉ. क्षितीशचंद्र साहा यांनी खेड्यांतून आलेल्या रुग्णांच्या अंगावरचे डाग पाहून ओळखले, की नलकूपांच्या पाण्यात आर्सेनिक आहे. सोनारपूर, बारुईपूरसह दक्षिण २४ परगण्यातला बराच भाग पुढे त्यात निघाला. आर्सेनिकला रंग, वास, चव काही नाही. पाणी उकळल्याने ते जात नाही. वाफ उडून जाते आणि आर्सेनिक मागे राहते. 'आम्ही उकळून पितो' म्हणणाऱ्या घरांनी हे जरूर लक्षात घ्यावे. लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम ही आपल्या देशातली मर्यादा आहे, आणि प्रयोगशाळेत तपासणी केल्याशिवाय आपले पाणी त्यात बसते की नाही हे कळत नाही. शेजारच्या बोअरिंगचा अहवाल आपल्या बोअरिंगला लागू होतो असेही नाही. खोली बदलली की पाणी बदलते.

तेव्हा या थंडीआधी बोअरिंगच्या पाण्याची बाटली तपासणीला द्या, गिझर उघडून साफ करून घ्या. आणि मोदकांच्या उकडीला, घाई असली तरी, गिझरचे पाणी घेऊ नका; ते आंघोळीलाच राहू द्या.

गणपती बाप्पा मोरया!