कोळशाच्या खाणीतला राखीव श्वास

समुद्रापासून शेकडो मैल आत वसलेल्या नागपुराने पाणबुड्यांच्या विद्येविषयी काही सांगावे, हे प्रथमदर्शनी विसंगत वाटेल. परंतु तारकर्लीच्या समुद्रात उतरणारा पाणबुड्या मुख्य सिलिंडरावर जो दुसरा रेग्युलेटर, आणि अधिक सावध असल्यास जो दुसरा लहानसा स्वतंत्र सिलिंडर, जवळ बाळगतो, त्या राखीव हवेची वंशावळ शोधीत मागे जावे, तो आपण कोळशाच्या खाणीच्या तोंडाशी येऊन उभे राहतो. आणि कोळशाचा विषय निघाला, की त्यात नागपूरचा वाटा मान्य करावाच लागतो.

श्वास ओढावा तेव्हाच आणि ओढावा तितकीच हवा सोडणारी झडप, जिच्यावाचून आजचा पाणबुड्या दहा हातही खोल जाऊ शकणार नाही, ती प्रथम घडवली बेन्वा रूकेरोल या फ्रेंच खाण-अभियंत्याने, १८६० साली, आणि तीही विषारी वायूने भरलेल्या खाणीत शिरणाऱ्या माणसांसाठी. पुढे १८६४ मध्ये ऑग्यूस्त देनेरूझ या आरमारी अधिकाऱ्याच्या साहाय्याने ती पाण्याखालच्या कामास योग्य करण्यात आली. या यंत्रात वरून पंपाने हवा येत असे. परंतु माणसाच्या पाठीवर दाबाखालील हवेची एक टाकीही असे, आणि वरची नळी तुटली किंवा मुद्दाम सोडवली, तरी काही मिनिटे पुरेल इतका श्वास त्या टाकीत शिल्लक राही. पाठीवरच्या राखीव हवेची कल्पना मला तरी याहून स्पष्ट रूपात याआधी कोठे दिसत नाही. झाक-ईव्ह कूस्तो आणि एमिल गान्यां यांनी १९४३ साली पाणबुड्याला वरच्या नळीपासून कायमचे मुक्त केले, ते या झडपेच्याच जातीची झडप नव्याने घडवून.

खाण आणि पाणी यांचे हे नाते पुढेही तुटले नाही. हेन्री फ्ल्यूस या इंग्रजाने १८७८ मध्ये तयार केलेले प्राणवायूचे बंदिस्त उपकरण घेऊन अलेक्झांडर लँबर्ट हा पाणबुड्या १८८० साली पाण्याने भरलेल्या सेव्हर्न नदीखालच्या बोगद्यात एक हजार फुटांहून अधिक आत, किर्र काळोखात, चालत गेला. कारण नेहमीच्या पोषाखाची लांबलचक हवेची नळी आतल्या मोडतोडीत अडकून पहिला प्रयत्न फसला होता. तेच उपकरण लवकरच उत्तर इंग्लंडमधील स्फोटग्रस्त खाणींत उतरले. आणि खाणींतील स्फोटांत बहुसंख्य मजूर स्फोटाच्या धक्क्याने नव्हे, तर मागाहून पसरणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडने मरतात, हे १८९६ च्या अहवालात सिद्ध करून दाखवणारे जॉन स्कॉट हाल्डेन हेच १९०८ मध्ये पाणबुड्यांनी टप्प्याटप्प्याने वर कसे यावे याची कोष्टके घालून देतात. एकाच शास्त्रज्ञाच्या आयुष्यात ही दोन विश्वे एकत्र यावीत, हा योगायोग खचित नव्हे. श्वास उसना न्यावा लागतो अशी माणसाच्या कामाची मुख्य ठिकाणे त्या काळी ही दोनच होती.

आता नागपूरकडे वळू. या प्रदेशातील खडकांचा आणि कोळशाच्या थरांचा शास्त्रीय अभ्यास प्रथम ज्यांनी आरंभिला, ते पाद्री स्टीफन हिस्लॉप १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटनजीक पूर आलेला ओढा ओलांडताना बुडून मरण पावले. त्यानंतर आठ-दहा वर्षांत वरोऱ्यास सरकारी खाण सुरू झाली आणि ती १९०६ पर्यंत चालली. पुढे बल्लारपूर, कामठी, उमरेड अशी ही मालिका वाढत गेली, १९७३ मध्ये राष्ट्रीयीकरण झाले, आणि १९७५ मध्ये स्थापन झालेल्या वेस्टर्न कोलफील्ड्सचे मुख्य दप्तर नागपुरातच आले. खाणींच्या सुरक्षिततेवर देखरेख करणाऱ्या केंद्र सरकारच्या महासंचालनालयाचे पश्चिम विभागाचे ठाणेही येथेच आहे.

या भागाच्या कोळशाचा एक दुर्गुण जाणत्यांस ठाऊक आहे: तो उघड्यावर आला की हवेच्या स्पर्शाने आपोआप तापतो, आणि वेळीच बंदोबस्त न झाल्यास धुमसू लागतो. धुमसणाऱ्या कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, चव नाही. म्हणून कोळशाच्या खाणीत उतरणाऱ्या माणसाच्या कमरेस ‘सेल्फ रेस्क्यूअर’ असावा, असा दंडक पुढे कोळसा खाणींच्या विनियमांत दाखल झाला. पाळीच्या आरंभी हजेरी लागते, दिवाघरातून टोपीवरचा दिवा मिळतो, त्याच्या जोडीने ही पत्र्याची सीलबंद डबी पट्ट्यात अडकवली जाते, आणि बहुतेकांच्या सबंध नोकरीत ती एकदाही उघडावी लागत नाही.

परंतु ती उघडावी लागलीच तर काय होते, ते जवळून पाहण्यासारखे आहे. झाकण ओढून सील तोडायचे, तोंडनळी दातांत धरून ओठ मिटायचे, चिमट्याने नाक बंद करायचे आणि चालू लागायचे. जुन्या, गाळणीच्या प्रकारच्या डबीत मँगॅनीज आणि तांबे यांच्या ऑक्साइडांचे मिश्रण असते. हवेतला घातक वायू त्यातून जाताना कमी घातक अशा कार्बन डायॉक्साइडमध्ये पालटतो, आणि या रासायनिक क्रियेत उष्णता निर्माण होते. वायू जितका अधिक, तितकी आत येणारी हवा अधिक तप्त. तोंड भाजू लागते, घसा कोरडा पडतो, आणि घाबरलेला माणूस नळी बाहेर काढू पाहतो. नेमक्या त्याच क्षणी ती नळी त्याला जगवीत असते. म्हणूनच प्रशिक्षणात पुन्हा पुन्हा बजावले जाते, की हवा गरम लागली तर समजा डबी चालली आहे, सुरक्षित जागी पोहोचल्यावाचून ती तोंडातून काढू नका. (ज्या मँगॅनीजवर हे सारे अवलंबून, त्याचे खनिज आमच्याच जिल्ह्यात मनसर, कांद्री, गुमगाव येथे निघते, ही गोष्ट नागपूरकरास नमूद केल्यावाचून राहवत नाही.) या डबीची मर्यादाही उघड आहे: हवेत प्राणवायूच उरला नसेल तर गाळणी काय गाळणार? १९९४ च्या जानेवारीत राणीगंज भागातील न्यू केंडा खाणीत आगीने ५५ बळी गेले. प्राणवायू स्वतःच निर्माण करणाऱ्या डबीचे महत्त्व अशा प्रसंगी कळते. तिच्यातील पोटॅशियमचे संयुग श्वासातील ओलावा आणि कार्बन डायॉक्साइड शोषून घेऊन बदल्यात प्राणवायू देते.

खाणीत पाणी शिरले असता मात्र दोन्ही प्रकार हतबल ठरतात, आणि आमच्या इलाख्याने ते दुःखही भोगलेले आहे. नागपूर जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी असताना, १९५४ च्या डिसेंबरात, छिंदवाडा जिल्ह्यातील न्यूटन चिखली खाणीत पाणी घुसून ६३ माणसे गेली. १९७५ च्या नोव्हेंबरात नागपूरजवळच्या सिल्लेवाडा खाणीत तशाच प्रकारे १० गेली. पण महिना-सव्वा महिन्यातच चासनाळ्याच्या खाणीत ३७५ जण बुडाले, आणि त्या प्रचंड आक्रोशात सिल्लेवाड्याचे दहा जण देशाच्या स्मरणातून पुसले गेले. निदान नागपूरच्या इतिहासकारांनी तरी त्यांना विसरू नये, असे मला मनापासून वाटते.

मदतीस धावणाऱ्यांचा हिशेब आणखी कठोर असतो. नागपुरातील खाण-बचाव केंद्रासारख्या संस्थांत माणसे ज्या विद्येत तयार होतात, तिचा गाभा असा, की दोन ते चार तास चालणारे प्राणवायूचे उपकरण पाठीवर असले तरी पथकप्रमुख ठरावीक वेळाने प्रत्येकाच्या सिलिंडरातला दाब वाचून घेतो, आणि ज्याचा दाब सर्वांत कमी, त्याच्या हिशेबाने सबंध पथक मागे फिरते. पुढे अडकलेल्या माणसाची हाक ऐकू येत असली तरी परतीचा वाटा खर्ची घालण्याची मुभा कोणास नाही. राखीव हवा काम लांबवण्यासाठी मिळालेली सवलत आहे असे ज्याला वाटते, त्याने अशा पथकात येऊच नये.

हाच नियम आगीच्या धुरातही लागू पडतो, आणि तो शिकवणारी देशातील प्रमुख संस्थाही येथेच नांदते. राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय १९५६ साली उत्तर प्रदेशातील रामपूर येथे स्थापन झाले आणि दुसऱ्याच वर्षी नागपुरास आले. त्याच्या आगमनानंतर थोड्याच काळाने, १९५८ च्या जानेवारीत, लंडनच्या स्मिथफील्ड बाजाराच्या तळघरांत लागलेल्या आगीत दोन अग्निशामक प्राणवायू संपून गुदमरले. आत कोण गेला, किती वाजता गेला आणि त्याच्यापाशी किती श्वास उरला, याची पक्की नोंद बाहेर नव्हती. त्यानंतर प्रत्येकाच्या नावाचा बिल्ला दाराशी ठेवून घेण्याची आणि दाब घसरताच शिटी वाजण्याची व्यवस्था रूढ झाली. आज सहा लिटरच्या सिलिंडरात ३०० बारच्या दाबाने सुमारे १८०० लिटर हवा मावते. मिनिटास ४० लिटर धरल्यास ती पाऊण तास पुरते, आणि दाब ५५ बारच्या आसपास उतरला की शिटी वाजू लागते. त्या वेळी हातात असतात जेमतेम आठ मिनिटे. धास्तावलेला माणूस याहून पुष्कळ अधिक हवा ओढतो. म्हणून शिटी वाजण्यापूर्वीच बाहेर पडण्याचा शिरस्ता आहे.

अग्निशमन महाविद्यालय नागपुरास आले त्याच १९५७ मध्ये आपत्कालीन साहाय्याचे शिक्षण देणारी केंद्रीय संस्थाही नागपुरात उघडली. १९६८ मध्ये ती राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय झाली आणि २०१८ मध्ये राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या अकादमीत विलीन झाली. खाण, आग आणि पूर या तिन्ही संकटांत शिरणाऱ्यांच्या शिक्षणाची ठिकाणे अशी एकाच शहरात असूनही नागपूरविषयक ग्रंथांत भोसल्यांच्या दरबारास आणि संत्र्यांच्या बागांस जेवढी पाने मिळतात, त्यांतले एकही या विद्येच्या वाट्यास सहसा येत नाही. बचाव पथकांत नावे नोंदवलेले जुने ओव्हरमन आणि सरदार, म्हणजे खाणीतले देखरेख करणारे मुकादम, अद्याप हयात आहेत, त्यांच्या आठवणी आणि खाणींच्या दप्तरांतील कामगिरीची टिपणे एकत्र करून त्यांचा एक ग्रंथ आता तरी सिद्ध व्हावा, आणि त्याच्या पहिल्या पानावर सिल्लेवाड्याच्या त्या दहा जणांची नावे छापली जावीत.