योगशिक्षक घडवणारे लोणावळे



लोणावळे म्हटले की आपल्याला चिक्की आठवते. आम्हा रेल्वेवाल्यांना आठवतात ती कर्जतला गाडीच्या मागे जोडलेली आणि घाट चढून आल्यावर लोणावळ्याला सुटणारी बँकर इंजिने. पण याच गावात १९२४ साली एक असे काम सुरू झाले, की आज गल्लोगल्ली दिसणाऱ्या योगवर्गांची मुळे शोधत गेल्यास त्यातली बरीचशी तेथे पोहोचतात. ते काम म्हणजे कैवल्यधाम, आणि ते उभारणारे स्वामी कुवलयानंद.

स्वामीजींचे मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. (वडिलांचे नावच गणेश, तेव्हा या स्मरणिकेत त्यांना हक्काची जागा आहे!) जन्म १८८३ चा, गुजरातेतल्या डभोईचा. बडोद्याला जुम्मादादा व्यायामशाळेत प्रोफेसर माणिकरावांच्या हाताखाली त्यांचे शरीर घडले, अमळनेरला राष्ट्रीय शिक्षणाच्या कामात शिक्षकी पेशा अंगी मुरला आणि नर्मदाकाठी मालसर येथे परमहंस माधवदासजींकडून योगाची दीक्षा मिळाली. आखाडा, शाळा आणि आश्रम अशा तिन्ही ठिकाणी तयार झालेला हा माणूस होता. पुढच्या कामात हे तिन्ही संस्कार दिसतात.

त्या काळी योग म्हणजे हिमालयातली गूढ विद्या, नाहीतर जत्रेतला खेळ, अशी समजूत होती. स्वामीजींनी क्ष-किरण यंत्र आणि दाबमापक हाती घेतले. नौली करताना मोठ्या आतड्यात हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो, हे त्यांनी मोजून दाखवले आणि त्या निर्वात स्थितीला आपल्या गुरूंचे, माधवदासजींचे नाव दिले. हे निष्कर्ष ‘योग मीमांसा’ या त्रैमासिकात येऊ लागले. मला सर्वांत भावते ती मात्र वेगळीच गोष्ट. प्राणायामाने शरीराला भरपूर जादा प्राणवायू मिळतो, असे तेव्हाही सगळे सांगत आणि आजही सांगतात. स्वामीजींच्या मोजमापात तसे दिसेना. त्यांनी ते झाकून ठेवले नाही, सरळ मांडले आणि प्राणायामाचे महत्त्व अन्यत्र शोधले. आपल्या श्रद्धेच्या विषयात गेजचे रीडिंग सोयीचे नसतानाही ते जसेच्या तसे नोंदवायला वेगळी छाती लागते.

आता शिक्षकांचे. परंपरेत गुरू एकेका शिष्याला शिकवीत असे. त्याची प्रकृती, आहार, स्वभाव सारे त्याला ठाऊक असे. समोर चाळीस अनोळखी माणसे बसली की हे गणित बदलते. कोणाला रक्तदाब, कोणाची कंबर गेलेली. कोणाला काय शिकवू नये, हे कळणे तेथे आसनाइतकेच महत्त्वाचे. १९३७ साली मुंबई प्रांताच्या सरकारने शारीरिक शिक्षणासाठी समिती नेमली, तिचे अध्यक्ष स्वामीजी होते. समूहाने करण्यासाठी त्यांनी ‘यौगिक संघ व्यायाम’ बसवला. पुढे पन्नासच्या दशकाच्या आरंभी लोणावळ्यात गोर्धनदास सेक्सरिया महाविद्यालय सुरू झाले. योगशिक्षक होण्यासाठी वर्गात बसायचे, शरीरशास्त्र शिकायचे, पाठ घ्यायचे आणि परीक्षा द्यायची, ही रीत तेथे रुजली. मी स्वतः डिप्लोमावाला, म्हणून योगातल्या डिप्लोमाचे कौतुक मला अंमळ जास्तच! १९६६ साली स्वामीजी गेले; महाविद्यालय चालू राहिले.

श्रेय एकट्या लोणावळ्याला देणे मात्र बरोबर नाही. माधवदासजींचेच दुसरे शिष्य मणिभाई देसाई, म्हणजे श्री योगेंद्र, यांनी सहा वर्षे आधी, २५ डिसेंबर १९१८ रोजी, मुंबईत वर्सोव्याला योग इन्स्टिट्यूट काढली. ती पुढे सांताक्रूझला गेली. पुण्यात १९३७ साली जेमतेम अठरा वर्षांचे बी. के. एस. अय्यंगार डेक्कन जिमखान्यावर सहा महिन्यांच्या कराराने शिकवायला आले, तेव्हा त्यांना मराठी येत नव्हते. करार संपल्यावर त्यांनी उपासमारही सोसली. त्यांची संस्था उभी राहिली ती १९७५ साली. त्यांच्या पद्धतीत शिक्षकांची श्रेणीवार परीक्षा असते आणि वरच्या श्रेणीसाठी पुन्हा ज्येष्ठांसमोर उभे राहावे लागते.

बिलासपूरच्या आपल्या मंडळींना अधिक जवळचे उदाहरण नागपूरचे. तेथे जनार्दन स्वामींनी १९५१ साली योगाभ्यासी मंडळ स्थापले. वर्ग विनामूल्य, शिक्षक स्वयंसेवक. नोकरी-संसार सांभाळून पहाटे शिकवणारी ही माणसे एकत्र बसतात, एकमेकांचे शिकवणे पाहतात आणि चुका दुरुस्त करतात. ठाण्याच्या घंटाळी मित्र मंडळाचेही काम असेच आहे. योगशिक्षकाला अशी बिरादरी लागते, असे माझे स्पष्ट मत आहे. एकटा पडलेला शिक्षक आपल्या जुन्या चुकाच पक्क्या करीत जातो आणि त्या सांगणारे त्याला कोणी भेटत नाही.

२०१५ साली पहिला आंतरराष्ट्रीय योग दिवस झाला, त्याच वर्षी क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाने योग व्यावसायिकांसाठी ऐच्छिक प्रमाणपत्र योजना आणली. २०१८ मध्ये आयुष मंत्रालयाचे योग प्रमाणन मंडळ आले. चांगलेच झाले. पण आमच्याकडे गाडी चालवणाऱ्याला एकदा पास झाल्यावर आयुष्यभर मोकळे सोडत नाहीत. ठरावीक काळाने रिफ्रेशर आणि वैद्यकीय तपासणी असतेच. मानेच्या मणक्यांवर भार टाकणारे शीर्षासन शिकवणाऱ्याला तेवढीही अट नसावी, हे मला पटत नाही.

हे सारे लिहिण्याचे कारण आपल्या घरातलेच आहे. गेल्या हिवाळ्यात वसाहतीत झालेल्या एका शिबिरात पन्नाशीच्या सहकाऱ्याला पहिल्याच दिवशी सर्वांगासन करायला लावले. त्यांना महिनाभर मानेला पट्टा लावून ड्यूटी करावी लागली. तेव्हा उत्सवानंतरच्या सर्वसाधारण सभेत मंडळाच्या सकाळच्या वर्गासाठी शिक्षक ठरेल, तेव्हा मानधन किती घेणार याआधी तीन गोष्टी विचाराव्यात, अशी कार्यकारिणीला विनंती आहे: कोठे शिकलात, शेवटची उजळणी कधी केलीत आणि तुमचा वर्ग येऊन पाहणारे कोणी आहे का? शिवाय आपल्यातल्याच दोन भगिनी नागपूरला प्रशिक्षणासाठी जायला तयार आहेत. त्यांच्या प्रवासाचा व राहण्याचा खर्च यंदाच्या वर्गणीतून करावा, हा ठराव मी सभेत मांडणार आहे. अनुमोदक हवा आहे.