मुतखड्याच्या काढ्यातून आलेली गोळी

इजिप्तमध्ये ‘खेल्ला’ नावाचं एक रोप उगवतं. ओवा, धने, बडीशेप यांच्याच कुळातलं, तशाच छत्रीसारख्या फुलोऱ्याचं. वाळल्यावर त्याच्या काड्यांनी दात कोरायचे आणि बियांचा काढा मुतखड्यावर घ्यायचा, ही तिथली जुनी रीत. १९४०च्या दशकात कैरोत शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक होते ग्लेब अन्रेप. त्यांच्या प्रयोगशाळेतल्या एका मदतनिसाने मुतखड्यासाठी खेल्ला घेतलं आणि त्याची छातीतली कळच थांबली. अन्रेप रशियन शरीरक्रियाशास्त्रज्ञ पावलॉवचे शिष्य. असं काही नजरेतून सुटायचं नाही.

तोच धागा धरून बेल्जियमच्या लाबाझ कंपनीने १९६१च्या सुमारास अमिओडॅरोन तयार केलं, तेही अंजायनासाठीच, म्हणजे हृदयाच्या त्रासातून येणाऱ्या छातीतल्या कळीसाठी. हृदयाचे बिघडलेले ठोके ते ताळ्यावर आणू शकतं, हे १९७० साली ऑक्सफर्डच्या प्रयोगांतून दिसलं. ते प्रयोग व्हॉन विल्यम्स आणि फिजीत जन्मलेले, भारतीय वंशाचे ब्रह्मा सिंग यांचे. पुढे अर्जेंटिनात मॉरिसियो रोझेनबाउम यांनी रुग्णांवर वापरून त्याचा बोलबाला केला. अमेरिकेने परवानगी दिली थेट १९८५मध्ये, तीही जीवघेण्या लयबिघाडापुरती.

ही सावधगिरी मला रास्तच वाटते. या औषधाच्या प्रत्येक रेणूत आयोडीनचे दोन अणू असतात. २०० मिलिग्रॅमच्या एका गोळीतून रोज सुमारे ६ मिलिग्रॅम आयोडीन सुटं होतं. शरीराची गरज ०.१५ मिलिग्रॅमची! थायरॉइड मग कधी मंदावते, कधी उधळते. त्यात औषध चरबीत मुरतं. गोळी बंद केली तरी निम्मं औषध उतरायला सरासरी दोनेक महिने जातात, म्हणून त्रास गोळी थांबवल्यावरही उद्भवू शकतो.

म्हणून सुरुवातीलाच ईसीजी, छातीचा एक्स-रे, थायरॉइड आणि यकृताच्या तपासण्या. नंतर दर सहा महिन्यांनी थायरॉइड आणि यकृत पुन्हा. “मागचा रिपोर्ट नॉर्मल होता, आता कशाला?” असं घरोघरी म्हटलं जातं, पण मागच्या रिपोर्टनंतरही औषध साठत राहिलेलं असतं. कोरडा खोकला किंवा नवी धाप लागली तर हवेला दोष देत बसू नये. या औषधाने फुप्फुसाला आलेली सूज असू शकते. रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन चालू असेल तर त्याचा डोस बहुधा तिसऱ्या हिश्शाने ते निम्म्याने कमी करावा लागतो. हा परिणाम आठवड्यागणिक वाढत जातो, त्यामुळे पहिले दोन-तीन महिने आयएनआर, म्हणजे रक्त गोठण्याची तपासणी, वरचेवर बघतात.